परिच्छेदातील परके वाक्य
इंग्रजी मजकूर वाचताना विषयाचा धागा कसा राखावा?

राज्याचा कारभार मराठीतून चालावा यासाठी १९६४ साली महाराष्ट्र राजभाषा अधिनियम संमत झाला. तालुका व ग्रामपातळीवरील पत्रव्यवहार आज प्रामुख्याने मराठीतच होतो. तथापि सर्वोच्च न्यायालयाचे निर्णय, तांत्रिक अहवाल, बँका व विमा कंपन्यांचे कागद इंग्रजीत हाती येतात. वाणगाव ज्या डहाणू तालुक्यात आहे, त्या तालुक्यातील उद्योगांवर निर्बंध घालणारी २० जून १९९१ ची केंद्रीय अधिसूचना आणि तिच्या अंमलबजावणीविषयी सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली दिलेला आदेश ही याची ठळक उदाहरणे होत. डहाणू व तलासरी हे तालुके अनुसूचित क्षेत्रात मोडतात. तेथे ग्रामसभेचे अधिकार विशेष असल्याने, अशा कागदाचा अर्थ ग्रामसभेपुढे मांडणाऱ्या सदस्याची, ग्रामसेवकाची वा शिक्षकाची जबाबदारीही मोठी असते.

शब्दकोश जवळ असला तरी ही जबाबदारी पार पडतेच असे नाही. प्रत्येक शब्दाचा अर्थ लावण्यात सारी शक्ती खर्च झाली की वाचकाला सर्व वाक्ये सारख्याच वजनाची वाटू लागतात. मुख्य मुद्दा कोणता, त्याला आधार देणारे वाक्य कोणते आणि मध्येच आलेले परके वाक्य कोणते, हा भेद हरवतो.

एक परिच्छेद, एक हेतू

परिच्छेदाने एकच हेतू धरून चालावे, त्यात अवांतर काही नसावे, हा नियम स्कॉटलंडमधील प्राध्यापक अलेक्झांडर बेन यांनी १८६६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या लेखनशास्त्रावरील ग्रंथात मांडला. पुढे इंग्रजी शिक्षणात तो रूढ झाला. व्यवस्थापन अभ्यासक्रमांच्या प्रवेशासाठी होणाऱ्या कॅट परीक्षेत पाच वाक्यांतून विसंगत वाक्य वेगळे काढण्याचा प्रश्न विचारला गेला आहे, तो याच तत्त्वावर आधारलेला आहे.

येथे 'विषय' आणि 'हेतू' यांतील फरक ध्यानात घेणे अगत्याचे आहे. पुढील पाच वाक्ये एखाद्या इंग्रजी परिच्छेदाचा भावार्थ आहेत असे समजू :

(१) १९९१ च्या अधिसूचनेने डहाणू तालुक्यातील उद्योगांवर निर्बंध घातले. (२) त्यासाठी उद्योगांची प्रदूषणाच्या प्रमाणानुसार तीन वर्गांत विभागणी करण्यात आली. (३) घोलवडचा चिकू दूरवर प्रसिद्ध आहे. (४) या वर्गांपैकी सर्वाधिक प्रदूषण करणाऱ्या उद्योगांना तालुक्यात मनाई करण्यात आली. (५) शिवाय तालुक्याच्या सीमेभोवती २५ किलोमीटरचा उद्योगविरहित पट्टा ठेवण्याचे ठरले.

तिसरे वाक्य खरे आहे. ते डहाणू तालुक्याविषयीचेच आहे. तरीही ते परके आहे; कारण परिच्छेद 'निर्बंध कोणते?' या प्रश्नाचे उत्तर देत आहे आणि चिकूची प्रसिद्धी हे त्या प्रश्नाचे उत्तर नव्हे. उलट पहिले वाक्य 'डहाणूच्या हिरव्या पट्ट्याचे रक्षण का करावे?' असे असते, तर चिकूचे वाक्य त्या परिच्छेदाचा आधार ठरले असते. म्हणजे वाक्य स्वतःहून परके नसते. परिच्छेदाचा हेतू त्याला आपले किंवा परके ठरवतो.

पारख करण्याची रीत

पहिली पायरी : परिच्छेद एकदा न थांबता वाचावा आणि तो कोणत्या प्रश्नाचे उत्तर देतो ते एका ओळीत मराठीत लिहावे. मुख्य विधान करणाऱ्या वाक्याला इंग्रजीत टॉपिक सेंटेन्स म्हणतात. ते बहुधा आरंभी असते. पण कधी शेवटीही येते.

दुसरी पायरी : प्रत्येक वाक्य त्या प्रश्नासमोर ठेवावे. ते उत्तर देते काय, कारण सांगते काय, उदाहरण वा मर्यादा दाखविते काय? यांपैकी काहीच करीत नसेल तर तेथे खूण करावी.

तिसरी पायरी : जोडशब्द तपासावेत. धिस, दीज, सच, देअरफोर हे शब्द मागच्या वाक्याकडे बोट दाखवितात. वरील उदाहरणात चौथ्या वाक्यातील 'या वर्गांपैकी' हे शब्द चिकूला ओलांडून दुसऱ्या वाक्याशी जुळतात. मराठी वाचकाने येथे अधिक सावध असावे. मराठीत 'ती' म्हटले की अधिसूचना आणि 'तो' म्हटले की तालुका, हे लिंगावरून कळते. इंग्रजीत दोहोंसाठी 'इट' हा एकच शब्द येतो. तो कशाबद्दल आहे हे मागे जाऊन शोधावे लागते.

चौथी पायरी : शंकास्पद वाक्य झाकून उरलेला परिच्छेद वाचावा. धागा न तुटता उलट घट्ट झाला, तर शंका खरी.

मात्र 'बट' किंवा 'हाउएव्हर' ने आरंभ होणारे वाक्य केवळ विरोधी सूर आहे म्हणून परके ठरवू नये. आदेशातील अपवाद व अटी पुष्कळदा अशाच वाक्यांतून येतात.

परके म्हणजे निरुपयोगी नव्हे

परीक्षेत परके वाक्य ओळखले की काम संपते. कार्यालयात ते तेथून सुरू होते. समजा, पाणीपुरवठा योजनेच्या दुरुस्तीबाबत एक इंग्रजी पत्र ग्रामपंचायतीकडे आले. परिच्छेद नळांविषयी व टाकीविषयी आहे. पण मध्येच एक वाक्य म्हणते की, मागील अनुदानाचे उपयोगिता प्रमाणपत्र पंधरा दिवसांत सादर करावे. परिच्छेदाच्या दृष्टीने हे वाक्य परके आहे; ग्रामपंचायतीच्या दृष्टीने तेच सर्वांत निकडीचे असू शकते. ते दुरुस्तीच्या तपशिलात वाहून गेले, तर मुदत टळेल आणि पुढील निधी अडण्याचा संभव राहील. म्हणून असे वाक्य खोडू नये. ते समासात स्वतंत्र लिहून घ्यावे, त्यावरील कार्यवाही वेगळी ठरवावी आणि ग्रामसभेत सांगतानाही स्वतंत्र मुद्दा म्हणूनच सांगावे.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकविले जाते. शिक्षकांनी या सरावाचा आरंभ मात्र मराठी परिच्छेदापासून करावा. मिरचीची लागवड, आठवडी बाजार, वाणगावहून सुटणारा रेल्वेप्रवास अशा ओळखीच्या विषयांवर पाच वाक्ये फळ्यावर लिहावीत, त्यांत एक वाक्य त्याच विषयाचे पण वेगळ्या हेतूचे घालावे आणि ते का परके आहे याचे कारण विद्यार्थ्यांकडून वदवून घ्यावे. कारण सांगता आले की मगच तीच वाक्ये इंग्रजीत द्यावीत. जो विद्यार्थी आपल्या भाषेत हेतू ओळखू लागला, त्याला परक्या भाषेत केवळ शब्द शिकावे लागतात. वाचन नव्याने शिकावे लागत नाही.