संतकवीचे अंतरंग चित्रात कसे उतरावे?

उत्सवप्रसंगी मुलांकडून संतांची चित्रे काढवून ती सभामंडपात लावण्याची हौस आपणां सर्वांनाच आहे. परंतु दाढी, जटा, रुद्राक्षमाळ आणि मस्तकामागे तेजोवलय रेखाटले की संत सिद्ध झाला, अशी आपली समजूत होऊन बसली आहे. मग खाली नाव लिहिल्यावाचून हे संत कोण, ते उमगत नाही. ज्यांनी स्वतःचा अनुभव स्वतःच्या शब्दांत सांगितला, त्यांचे चित्र कोणाचेही म्हणून खपावे, हे उचित नव्हे.

आपल्या निकटचे उदाहरण संत सोहिरोबानाथ आंबिये यांचे घेऊ. इ. स. १७१४ मध्ये जन्मलेले हे नाथपंथी कवी बांद्याचे कुलकर्णी होते. त्या काळी पेडणे महाल सावंतवाडीकर भोसल्यांच्या राज्यात होता. १७८८ मध्ये तो पोर्तुगीजांकडे गेला. आज पेडण्याच्या शासकीय महाविद्यालयास नाथांचेच नाव दिलेले आहे.

संप्रदायात अशी कथा सांगतात की, दरबारचे बोलावणे आल्यावरून सावंतवाडीस जाताना नाथ इन्सुलीच्या रानात फणस खावयास बसले. तोच एका अनोळखी योग्याने गरे मागितले. नाथांनी ते आनंदाने दिले, आणि त्या गहिनीनाथांकडून त्यांना उपदेश लाभला. पुढे कुलकर्णपण सुटले. उत्तरेस गेल्यावर महादजी शिंद्यांसारख्या प्रबळ सरदारालाही त्यांनी निर्भीडपणे चार शब्द सुनावले, असे सांगतात.

या दोन प्रसंगांत नाथांचे अंतरंग सामावले आहे. भुकेल्यापुढे हात आखडत नाही आणि सत्तेपुढे मान झुकत नाही. चित्रकाराने हा हात आणि ही मान साधली, तर तेजोवलयाची गरज उरणार नाही.

चेहऱ्याचे काय, अशी शंका कोणी घेईल. १९३६ साली प्रभातच्या ‘संत तुकाराम’ बोलपटात विष्णुपंत पागनीस यांनी तुकोबांची भूमिका केली. तेव्हापासून तेच रूप अनेकांच्या मनात ठसले आहे. नाकडोळे जुळतात की नाही, याची चौकशी लोकांनी केली नाही. त्यांनी भाव ओळखला.

आपल्या कोकण-गोमंतकातील जुन्या देवळांतून आढळणारी कावी कला या बाबतीत आपली गुरू होऊ शकेल. ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या कावेचा थर देतात, आणि मग अणकुचीदार हत्याराने तो थर कोरून काढतात. तेव्हा आतील शुभ्र चुना दिसू लागतो व आकृती उमटते. तेथे शुभ्रता वरून लावावी लागत नाही. वरचे आवरण तेवढे दूर करावे लागते. संतांचे चित्रही असेच साधावयाचे आहे.

म्हणून आमची पालकांस विनंती आहे की, मुलाच्या हाती रंग देण्यापूर्वी त्या संताचे एक पद त्याच्याकडून म्हणवून घ्यावे व अर्थ समजावून द्यावा. चित्र ओबडधोबड झाले तरी चालेल. पद त्याच्या मुखी राहिले, म्हणजे खरे चित्र त्याच्या अंतःकरणात उमटलेच म्हणून समजावे.

॥ शुभं भवतु ॥