संगणकजालावरील गर्दी आणि तिची वांटणी

एका निकालाच्या दिवशीं दुपारीं आम्ही चाळीस मुलांसह शाळेच्या संगणकवर्गांत बसलों होतों. ज्यांच्या घरीं साधन नाहीं, त्यांस आपले गुण शाळेंतच पाहतां यावे, एवढाच हेतु होता. ठरलेली वेळ होतांच चाळीसहि मुलांनीं एकदम कळ दाबली. पहिल्या सात-आठ जणांचे गुण दिसले. बाकीच्यांच्या पडद्यावर ४२९ हा आंकडा आणि ‘आपल्याकडून फार मागण्या आल्या आहेत, थोड्या वेळानें प्रयत्न करा’ असें वाक्य उमटलें. त्याच वेळीं फाटकापाशीं उभ्या असलेल्या एका पालकांनीं आपल्या मोबाईलवर मुलीचा निकाल विनासायास पाहिला. तेव्हां एक मुलगा रडवेल्या स्वरानें म्हणाला, “सर, आमची काय चूक झाली?” त्याची चूक कांहींच नव्हती. मग चूक कोणाची, हें समजावें म्हणून प्रस्तुतचा पाठ लिहीत आहों.

ज्या यंत्रांत निकाल सांठविलेला असतो व जें मागणाराच्या हांकेला उत्तर देतें, त्यास सर्व्हर म्हणतात. एका सर्व्हरची शक्ति ठराविक असते. म्हणून मोठ्या कामासाठीं एकसारखे अनेक सर्व्हर मांडतात व त्यांच्यापुढें एक वांटणी करणारें यंत्र ठेवतात. येणारी प्रत्येक मागणी आधीं या वांटप्याच्या हातीं पडते आणि तो ती कोणत्या तरी सर्व्हरकडे सोंपवितो. यासच भारवांटणी असें नांव आहे.

हा प्रश्न संगणकाहून जुना आहे. कोपनहेगन येथील टेलिफोन कंपनींत काम करणारे गणिती आग्नर क्रारुप एर्लांग यांनीं १९०९ सालीं, संभाषणें केव्हां व किती येतील याचा संभवगणितानें विचार करून निबंध प्रसिद्ध केला. तारा किती ठेवाव्या म्हणजे फार लोकांस ताटकळावें लागणार नाहीं, हा त्यांचा विषय होता. दूरध्वनीच्या भाराच्या मापास पुढें त्यांचेंच नांव देण्यांत आलें.

वांटणीची सर्वांत सोपी रीत म्हणजे पाळीची. पहिली मागणी पहिल्याकडे, दुसरी दुसऱ्याकडे, तिसरी तिसऱ्याकडे, आणि चौथी पुन्हां पहिल्याकडे. परंतु सर्व मागण्या सारख्या वजनाच्या नसतात. एकास फक्त गुण हवे असतात, तर दुसऱ्यास भलेंमोठें चित्र हवें असतें. म्हणून दुसरी रीत अशी कीं, ज्या सर्व्हरच्या हातीं त्या क्षणीं सर्वांत कमी काम असेल त्याकडे मागणी धाडावी. आणखी एक गोष्ट पाळावी लागते. कोणी अर्ज भरीत असतां त्याचें पहिलें पान एका सर्व्हरनें घेतलें व दुसरें पान भलत्याच सर्व्हरकडे गेलें, तर त्यास आधींचें कांहीं ठाऊक नसतें. अशा वेळीं मागणाराजवळ ‘कुकी’ नांवाची एक लहानशी खूणचिठ्ठी देतात, व ती पाहून वांटप्या त्यास नेहमीं त्याच सर्व्हरकडे नेतो.

आतां थोडें गणित करूं. समजा, तीन सर्व्हर आहेत व प्रत्येकजण सेकंदास १०० मागण्या पुरवूं शकतो. येणाऱ्या मागण्या सेकंदास २४० आहेत. प्रत्येकाच्या वांट्यास ८० आल्या. सर्व सुरळीत चाललें आहे. इतक्यांत एक सर्व्हर बंद पडला. उरलेल्या दोघांच्या वांट्यास १२० येतात, आणि शक्ति तर १०० चीच. सेकंदास एकंदर ४० मागण्या तुंबूं लागल्या. एका मिनिटांत २,४०० मागण्या रांगेंत उभ्या राहिल्या, आणि शेवटच्यास १२ सेकंद थांबावें लागलें. दहा मिनिटांनीं रांग २४,००० ची झाली, आणि थांबणें दोन मिनिटांचें. एवढा धीर कोणास असतो? जो तो पुन्हां कळ दाबतो आणि एका माणसाच्या दोन मागण्या होतात. या ओझ्याखालीं दुसरा सर्व्हर कोसळला, तर तिसऱ्याची काय कथा? एकाच्या पडण्यानें सर्वच पडतात. याउलट, वांटप्यानें सेकंदास २०० मागण्या आंत घेऊन ४० जणांस ‘थोडें थांबा’ असें स्पष्ट सांगितलें असतें, तर २०० जणांचें काम अखंड चाललें असतें.

परंतु थांबावयाचें कोणीं? येथें नुसती पाळी पुरत नाहीं. नियम लिहावा लागतो. इंग्लंडांत केंब्रिज येथें १९९५ सालीं स्थापन झालेल्या झ्यूस नांवाच्या कंपनीनें आपल्या वांटणीयंत्रासाठीं ‘ट्रॅफिकस्क्रिप्ट’ नांवाची एक लहानशी भाषाच केली. तिच्यांत नियम लिहिला म्हणजे वांटप्या प्रत्येक मागणी उघडून वाचतो व त्याप्रमाणें वागतो. एफ-फाईव्ह या अमेरिकन कंपनीच्या यंत्रांत असेच नियम टिकल या भाषेंत लिहितात. एचएप्रॉक्सी या मुक्त वांटणीकार्यक्रमांत २०१५ पासून लुआ भाषेंतहि नियम लिहितां येतात. ही भाषा १९९३ सालीं ब्राझील देशांत जन्मली, आणि तिच्या नांवाचा अर्थ पोर्तुगीजमध्यें ‘चंद्र’ असा आहे, हें आमच्या गोमंतकीय वाचकांच्या ध्यानीं आलेंच असेल.

असे नियम मराठींत मांडले तर साधारण पुढीलप्रमाणें दिसतील:

१. मागणीची वाट ‘चित्रें’ या शब्दानें सुरू होत असेल, तर ती चित्रांच्या सर्व्हरगटाकडे पाठवावी.

२. एकाच पत्त्यावरून एका सेकंदांत दहांहून अधिक मागण्या आल्या, तर जास्तीच्या मागण्यांस ४२९ हें उत्तर द्यावें.

३. बाकी सर्व मागण्या सामान्य गटाकडे पाठवाव्या.

यांत क्रमाला फार महत्त्व आहे. ट्रॅफिकस्क्रिप्टमध्यें ‘हा गट वापर’ अशी आज्ञा झाली कीं नियमांचें वाचन तेथेंच थांबतें. म्हणून तिसरा नियम चुकून पहिला लिहिला, तर उरलेले दोन कधींच वाचले जाणार नाहींत. यंत्र तक्रार करीत नाहीं. तें लिहिल्याबरहुकूम चुकतें.

आतां आमच्या मुलाच्या प्रश्नाकडे वळूं. ४२९ या उत्तराचा अर्थच मुळीं ‘मागण्या फार झाल्या’ असा आहे. २०१२ सालीं तें प्रमाणित झालें. वरील दुसरा नियम कोणी दुष्टपणें लिहिलेला नसतो. एखादें स्वयंचलित यंत्र हजारों मागण्या करून सर्वांची वाट अडवील, त्यास आळा घालावा, हा त्याचा चांगला हेतु असतो. परंतु त्यानें पत्ता म्हणजेच माणूस असें धरलें. शाळेंतील सर्व संगणक एकाच जोडणीनें बाहेर जातात, म्हणून बाहेरून पाहणारास त्या सर्वांचा पत्ता एकच दिसतो. आमचीं चाळीस मुलें त्या वांटप्यास एकच अधाशी माणूस भासलीं! ज्याच्या घरीं स्वतंत्र साधन आहे त्यास दार मोकळें, आणि जे एकच साधन वांटून घेतात त्यांस दार बंद, असा उलटा न्याय झाला. ग्रंथालयें, वसतिगृहें आणि खेड्यांतील सेवाकेंद्रें यांसहि तो असाच लागूं होतो. मोबाईल कंपन्यादेखील कित्येकदां अनेक ग्राहकांस बाहेर एकच पत्ता देतात.

यावर उपाय आहे, आणि तो नियमांतच आहे. मोजणी पत्त्यावरून न करतां बैठकक्रमांकावरून करावी: एका क्रमांकाचा निकाल कोणी सेकंदास दहा वेळां मागूं लागला, तर त्यास खुशाल थोपवावें. जें यंत्र एकामागून एक नवे क्रमांक चाळीत सुटतें, त्याच्यासाठीं पत्त्याची मर्यादाहि ठेवावी, पण ती एका वर्गाहून पुष्कळ मोठी. शिवाय ज्यास थांबवावयाचें त्यास नुसतें परत न लावतां, किती सेकंदांनीं पुन्हां यावें हें सांगावें. तशी सोय उत्तरांत करतां येते. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, नियम लागूं करण्यापूर्वीं एखाद्या शाळेच्या वर्गांत बसून तो पारखून पाहावा.

त्या दिवशीं आम्ही चार-चार मुलांस पाळीपाळीनें कळ दाबावयास सांगितलें, आणि वीस मिनिटांत चाळीसहि निकाल हातीं आले. आमचा वर्गच एक लहानसा वांटप्या झाला होता! ज्याच्या शंकेवरून हा पाठ सुरू झाला, तो मुलगा स्वतः शेवटच्या चौघांत उभा राहिला होता.

विद्यार्थ्यांनो, तुमच्यापैकीं कित्येकजण पुढें असे नियम लिहाल. तेव्हां नियमानें काम किती जलद झालें, हें अवश्य मोजा. परंतु त्यानें कोण दाराबाहेर राहिला, हेंहि मोजा. पालकांसहि आमची एक विनंती आहे. निकालाचें पान उघडलें नाहीं तर मुलावर रागावूं नये, आणि वारंवार कळहि दाबूं नये. थोडें थांबावें, त्यानें आपलेंहि काम होतें व रांगेंतील दुसऱ्याचेंहि.