योजना आली, पण फरक पडला का?

सरकारी आणि संस्थांच्या योजनांचं मूल्यमापन हा माझा व्यवसाय. मराठवाड्यातल्या वाड्यावस्त्या पालथ्या घालायच्या आणि पुण्यात बसून अहवाल लिहायचे. त्यातून जे ध्यानात आलं, ते असं:

१. ‘आधी’ आणि ‘नंतर’ एवढ्यावर भुलू नये. शेळ्या वाटल्या, वर्षभरात उत्पन्न वाढलं, फोटो निघाले. पण त्या साली पाऊस चांगला झाला असेल, तर शेळ्या न मिळालेल्या घरांचंही उत्पन्न वाढलेलं असतं. योजना नसती तर काय झालं असतं, हे कळल्याशिवाय बाकीच्या आकड्यांना अर्थ नाही.

२. तुलना कोणाशी, हे आधी ठरवा. बचत गटातल्या बायका इतरांपेक्षा बऱ्या स्थितीत दिसतात. दिसणारच! गटात येते ती मुळातच धडपडी, शिवाय बैठकीला जायला घरून आडकाठी नसलेली. मग श्रेय गटाचं की तिचं? गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा प्रयोग ३९ गावांत केला आणि ४७ गावं तुलनेला ठेवली. त्यांनी चिठ्ठ्या टाकून गावं निवडली नव्हती, पण काम सुरू करण्याआधी दोन वर्षं दोन्हीकडचे बालमृत्यू मोजत राहिले. त्यामुळेच नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले, हा १९९९ सालचा निष्कर्ष जगभर गांभीर्याने घेतला गेला.

३. योजना आधी कोणत्या गावाला, हे ठरवायला चिठ्ठ्या टाकल्या की न मिळालेलं गाव चिडतं. “आमचं काय घोडं मारलं होतं?” प्रश्न रास्त आहे. पैसा सगळ्यांना पुरणारा असेल तर चिठ्ठ्या टाकूच नयेत. पण तो टप्प्याटप्प्यानेच येणार असेल, तर सरपंचाच्या वशिल्यापेक्षा चिठ्ठी बरी. मेक्सिकोने १९९७ साली ‘प्रोग्रेसा’ योजनेत तेच केलं: ५०६ गावांपैकी ३२० गावांना आधी पैसे, उरलेल्या १८६ गावांना नंतर.

४. “महिन्याचं उत्पन्न किती?” असं विचारू नये. समोरचा आधी फॉर्मकडे बघतो, मग तुमच्या बुटांकडे आणि पिवळं रेशनकार्ड जाणार नाही असा आकडा सांगतो. एका आजींनी तर मला मोकळंच करून टाकलं, “लिही बाबा, तुला बरं वाटंल ते.” त्यापेक्षा गेल्या आठवड्यात किती दिवस मजुरीला गेलात, बाजारातून तेल किती आणलं, ते पाकिटातलं होतं की सुटं, हे विचारावं. तेलाबद्दल सहसा कोणी खोटं बोलत नाही. ही माहिती जमवायला वेळ लागतो आणि पुण्यातल्या साहेबांना तो वेळ फुकट गेला असं वाटतं. वाटू द्यावं.

५. निकाल शून्य आला तरी छापावा. हैदराबादेत संशोधकांनी १०४ वस्त्यांपैकी ५२ वस्त्यांत छोटी कर्जं देणाऱ्या शाखा आधी उघडून पाहिलं. काही धंद्यांना हात मिळाला, पण सरासरी खर्च, मुलांचं शिक्षण किंवा बायकांचा घरातला शब्द यांत ठळक बदल दिसला नाही, आणि त्यांनी तसंच छापलं.

६. “लोकांनाच नको असतं,” हे वाक्य ऐकलं की खर्च मोजायला घ्यावा. राजस्थानात उदयपूरच्या खेड्यांत पूर्ण लसीकरण झालेली मुलं होती जेमतेम ६ टक्के. ठरल्या दिवशी हमखास शिबिर भरू लागलं तिथे ती १८ टक्के झाली. शिबिराबरोबर दर लशीला किलोभर डाळ आणि लशी पूर्ण झाल्यावर थाळ्या दिल्या, तिथे ३९. डाळ म्हणजे उधळपट्टी, असं कोणालाही वाटेल. पण नर्सचा पगार तेवढाच आणि रांग मात्र लांबली, त्यामुळे पूर्ण लसीकरण झालेल्या दर मुलामागचा खर्च नुसत्या शिबिरांच्या निम्मा पडला.

७. अहवाल तयार होईस्तोवर अधिकाऱ्याची बदली झालेली असते. नव्या साहेबांसाठी पहिल्या पानावर एकच तक्ता ठेवावा आणि त्यात दर माणशी खर्चाचा रकाना असावा. बजेटच्या बैठकीत तेवढंच उघडून बघतात.