ग्रहांची नावे काय सांगतात?

शहापूर तालुक्यातून कसारा घाटाकडे जाणाऱ्या मुंबई-नाशिक रस्त्यावर साधारण बारा वर्षांनी एकदा यात्रेकरूंची रीघ लागते. नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थ जवळ आलेला असतो. तो बारा वर्षांनीच का भरतो, याचे उत्तर आकाशात आहे. गुरू हा ग्रह सूर्याभोवतीची एक प्रदक्षिणा ११.८६ वर्षांत पुरी करतो. राशी बारा आहेत. तेव्हा प्रत्येक राशीत त्याचा मुक्काम सुमारे एक वर्षाचा होतो. तो सिंह राशीत आला की सिंहस्थ लागला. मात्र ११.८६ म्हणजे पुरी १२ वर्षे नव्हेत. दर फेरीला ०.१४ वर्षाची तूट येते. सात फेऱ्यांत ही तूट किती होईल आणि तिचा मेळ्याच्या वर्षावर काय परिणाम होईल, हे गणित विद्यार्थ्यांनी स्वतः करून पाहावे.

ग्रहांच्या नावांतही असेच वेध दडलेले आहेत. शनीचे जुने नाव शनैश्चर. शनैः म्हणजे हळूहळू, आणि चर म्हणजे चालणारा. नुसत्या डोळ्यांनी दिसणाऱ्या पाच ग्रहांत हाच सर्वांत संथ. त्याला एका प्रदक्षिणेस सुमारे २९.५ वर्षे लागतात. 'मंद' आणि 'पंगू' ही त्याचीच आणखी दोन नावे. आकाशातली चाल आधी दिसली व तिच्यावरून कथेतला पाय अधू झाला, असे मानणे सयुक्तिक वाटते. आता २९.५ ला १२ ने भागा. उत्तर सुमारे अडीच येते. जन्मराशीच्या मागची रास, जन्मरास आणि पुढची रास अशा तीन राशी ओलांडायला शनीला तीन वेळा अडीच, म्हणजे साडेसात वर्षे लागतात. हीच ती साडेसाती! बारापैकी तीन राशींना ती सदैव चालू असते. म्हणजे या क्षणी देशातल्या जवळजवळ चौथ्या हिश्श्याच्या लोकांना साडेसाती आहे. इतक्या जणांवर एकाच वेळी एकच संकट कसे कोसळेल, हा प्रश्न वर्गात अवश्य विचारावा.

मंगळाची गोष्ट याहून बिकट आहे, कारण तिच्यापायी लग्ने मोडतात. या ग्रहाच्या पृष्ठभागावर लोहाची ऑक्साइडे, म्हणजे एक प्रकारचा गंजच, पसरलेली असल्यामुळे तो तांबूस दिसतो. रोमन लोकांना त्या रंगात रक्त दिसले व त्यांनी त्याला मार्स या युद्धदेवतेचे नाव दिले. आपल्याकडे त्याला अंगारक, म्हणजे निखारा, म्हटले. भूमीचा पुत्र म्हणून भौम म्हटले. आणि मंगळ हे नाव तर चक्क 'शुभ' या अर्थाचे! तरीही 'मुलीला मंगळ आहे' एवढ्यावरून स्थळ परत जाते. पत्रिकेतल्या बारा स्थानांपैकी १, ४, ७, ८ किंवा १२ व्या स्थानी मंगळ असला की ती व्यक्ती मंगळाची, असा रूढ नियम आहे. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, म्हणून मंगळ दररोज या बाराही स्थानांतून फिरलेला दिसतो. बारांतली पाच स्थाने म्हणजे २४ तासांपैकी सरासरी १० तास. रोज एवढ्या वेळात जन्मणारे प्रत्येक मूल, मुलगा असो वा मुलगी, मंगळाचे ठरते. ४८ मुलांच्या वर्गात अशी सुमारे २० निघतील.

शुक्र या शब्दाचा अर्थ तेजस्वी, शुभ्र. खेड्यापाड्यांत तो शुक्राची चांदणी म्हणून सर्वांच्या ओळखीचा आहे. बुध हा पुराणांत चंद्र आणि बृहस्पतीची पत्नी तारा यांचा पुत्र. ग्रीकांनी त्याला हर्मिस या देवांच्या चपळ दूताचे नाव दिले, कारण ८८ दिवसांत सूर्याला फेरी घालणारा दुसरा ग्रह नाही. तो सूर्यापासून २८ अंशांपेक्षा दूर कधीच दिसत नाही, म्हणून त्याला गाठणे कठीण. मुरबाड तालुक्यात माळशेज घाटाच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना तर आणखी एक अडचण आहे. हात लांब करून डोळ्यांसमोर मूठ धरा. ती सुमारे १० अंश झाकते. पूर्वेकडचा सह्याद्रीचा कडा एक मूठ उंच दिसत असेल, तर कोणताही ग्रह तेथे ४० मिनिटे किंवा थोडा अधिकच उशिरा वर येतो, कारण आकाश तासाला १५ अंश सरकते. तोपर्यंत तांबडे फुटून बुध हरवून जातो. तेव्हा त्याला संध्याकाळी मोकळ्या पश्चिमेलाच शोधावे.

१३ मार्च १७८१ रोजी विल्यम हर्शेल यांना दुर्बिणीतून नवा ग्रह दिसला. युरोपात अखेर युरेनस हे ग्रीक आकाशदेवाचे नाव रूढ झाले. पण मराठी पंचांगांत तो शोधकाच्या नावाने 'हर्षल' म्हणूनच राहिला! १८४६ मध्ये सापडलेल्या नेपच्यूनला, तो सागरदेव म्हणून, वरुण हे नाव मिळाले.

त्याच्याही पलीकडे ग्रह असावेत, असे गणित व्यंकटेश बापूजी केतकर यांनी मांडले. 'ज्योतिर्गणितम्' या ग्रंथाचे हे कर्ते. गुरूच्या उपग्रहांच्या गतींत लाप्लास यांना जो मेळ आढळला होता, तसाच मेळ दूरच्या ग्रहांत असावा, असा त्यांचा तर्क होता. १९११ मध्ये फ्रान्समधील एका ज्योतिषविषयक पत्रिकेत त्यांनी दोन ग्रह सुचवले व त्यांना ब्रह्मा आणि विष्णू अशी नावे दिली. ब्रह्माचे सूर्यापासूनचे अंतर पृथ्वीच्या अंतराच्या ३८.९५ पट आणि प्रदक्षिणाकाल २४२.२८ वर्षे, असे त्यांचे उत्तर होते. १९३० मध्ये क्लाइड टॉम्बॉ यांनी प्लूटो शोधला. त्याचे सरासरी अंतर सुमारे ३९.५ पट व काळ २४८ वर्षे निघाला! आकडे जवळचे आहेत खरे. पण ग्रह आकाशात कोठे शोधावा, हे केतकरांच्या गणितात नव्हते. शिवाय नेपच्यूनशी प्लूटोचा जो मेळ प्रत्यक्षात निघाला, तो त्यांनी धरलेल्या मेळाहून वेगळा आहे. म्हणून याला योगायोगच म्हणावे लागते. प्लूटो हे पाताळाच्या देवाचे नाव ऑक्सफर्डच्या व्हेनेशिया बर्नी या अकरा वर्षांच्या मुलीने सुचवले होते. २००६ मध्ये त्याची गणना बटुग्रहांत झाली. केतकरांचा विष्णू अद्याप कोणालाही सापडलेला नाही.