रतांब्याचे सरबत आणि आमची फसलेली बाटली

मुलांनो, गेल्या सप्टेंबरात वर्गात केलेले प्लमचे सरबत आठवते ना? आठच दिवसांत बाटलीला फेस आला, झाकण फटकन उडाले आणि कपाटभर चिकट लाल डाग पडले. तुम्ही हसलात, आम्ही मात्र फडके घेऊन बसलो! चूक कुठे झाली, ते आज पाहू.

त्यासाठी आधी कोकणात जाऊ. एप्रिल-मेमध्ये तिथे रतांबे पिकतात. रतांबा म्हणजे कोकमाचे ताजे, लालभडक फळ. गोव्यात त्याला भिरंड म्हणतात. फळ अर्धे कापून बिया काढतात. सालींच्या वाट्यांत साखर भरून त्या बरणीत थरावर थर रचतात. साखर सालींच्या वजनाच्या दीडपट, कधी दुप्पटसुद्धा. बरणीच्या तोंडाला फडके बांधून ती रोज उन्हात ठेवतात. पाण्याचा थेंबही घालायचा नाही. तरी काही दिवसांत बरणी रसाने भरते. हा रस येतो कुठून? साखरच सालीतले पाणी ओढून घेते. गाळलेल्या या दाट रसाला 'अमृत कोकम' म्हणतात.

एवढी साखर फक्त गोडीसाठी नसते. यीस्ट आणि बुरशी यांनाही जगायला पाणी लागते. दाट पाकातले पाणी साखरेने धरून ठेवलेले असते, ते त्यांना मिळत नाही. आम्ही काय केले? "मुलांना इतके गोड नको" म्हणून एक किलो प्लमला अर्धाच किलो साखर घातली, वर बाटली बाहेर ठेवली. यीस्टची चंगळ झाली! ते साखर खाऊन वायू सोडते, म्हणून झाकण उडाले. काचेची बाटली फुटलीही असती. तेव्हा फेस दिसला की सरबत चाखूसुद्धा नका, टाकून द्या.

इंग्लंडात ताजे रतांबे नाहीत आणि उन्हाचा भरवसा तर मुळीच नाही. म्हणून यंदा असे करू. एक किलो पिकलेल्या प्लमच्या फोडी, एक किलो साखर. स्टीलच्या पातेल्यात रात्रभर झाकून ठेवा. सकाळी रस सुटलेला दिसेल. मंद आचेवर साखर विरघळेपर्यंत ढवळा, एक उकळी आणा आणि गाळा. (गॅसजवळ आई-बाबा हवेतच.) उकळत्या पाण्यातून काढलेल्या बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवा आणि तीन आठवड्यांत संपवा. कोकमाएवढी साखर यात नाही, म्हणून फ्रिज हवाच. उरलेल्या फोडी दह्यात छान लागतात.

प्यायच्या वेळी एक भाग सरबत, चार भाग थंड पाणी किंवा सोडा, चिमूटभर मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड. मोठ्यांनी आपल्या पेल्यात आणखी काय मिसळावे, हा वर्गाचा विषय नाही!

शब्दार्थ : आमसूल – कोकमाची वाळवलेली साल. आगळ – कोकमाचा मीठ घातलेला रस. सोलकढी आगळाचीही करतात.

गृहपाठ : आजीला फोन करून विचारा, तिच्या घरी सरबताची बरणी कुठे ठेवत आणि चोरून कोण चाखत असे. पाच वाक्ये लिहून आणा.