चावी कोणाच्या हाती? जुन्या नेटवर्क स्विचचा अधिकार परत मिळविण्याविषयी

निवासी शाळेला संगणकीय साहित्य मुख्यतः दोन मार्गांनी मिळते: शासकीय योजनांतून आणि माजी विद्यार्थ्यांच्या हातून. दुसऱ्या मार्गाने येणाऱ्या साहित्यामागे ऋणानुबंध असतो. शिकून नोकरीला लागलेला विद्यार्थी आपल्या कचेरीत नवी यंत्रे आली की जुन्या यंत्रांची रीतसर मागणी करतो आणि ती शाळेकडे पाठवितो. जोतिबाच्या डोंगराखालच्या वाड्यांतून, पन्हाळा व शाहूवाडी तालुक्यांतील खेड्यांतून वसतिगृहात राहावयास आलेल्या मुलांच्या दृष्टीने चोवीस पोर्टचा एक स्विच म्हणजे अख्ख्या संगणककक्षाची जोडणी असते. मात्र पुष्कळदा ही पेटी कपाटावर धूळ खात पडते. यंत्र सुस्थितीत असते, वीज दिली की दिवेही लागतात. पण पासवर्ड कोणालाच ठाऊक नसतो. वस्तू घरात आली, तिच्यावरचा अधिकार मात्र आला नाही, अशी ही अवस्था. तो अधिकार योग्य रीतीने कसा मिळवावा आणि मिळाल्यावर कसा सांभाळावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

स्विच आणि त्याची चावी

नेटवर्क स्विच ही अनेक संगणकांना केबलद्वारे एकमेकांशी जोडणारी पेटी होय. तिचे दोन प्रकार आहेत. साध्या स्विचला पासवर्ड नसतो. केबल जोडताच तो काम करू लागतो. कचेऱ्यांतून येणारे स्विच बहुधा दुसऱ्या, म्हणजे ‘मॅनेज्ड’ प्रकारचे असतात. त्यांचा कारभार गावच्या नळपाणी योजनेसारखा चालतो. टाकी भरलेली असली तरी कोणत्या गल्लीला केव्हा पाणी सुटेल, हे व्हॉल्व्हची चावी ज्याच्याजवळ असते तोच ठरवितो. त्याचप्रमाणे मॅनेज्ड स्विचमध्ये कोणते पोर्ट चालू, कोणते बंद, कोणता संगणक कोणत्या गटात, हे सारे ॲडमिनिस्ट्रेटर ठरवितो आणि ती मांडणी यंत्राच्या स्मृतीत साठविली जाते.

या गटांना व्हीलॅन म्हणतात. जुन्या कचेरीने लेखा विभाग एका गटात आणि भांडार विभाग दुसऱ्या गटात ठेवलेला असेल, तर शेजारच्या दोन पोर्टना जोडलेले शाळेचे संगणकही एकमेकांना दिसत नाहीत. शिक्षकांना वाटते, यंत्र बिघडले. वस्तुतः ते बिघडलेले नसते; ते अद्याप जुन्या मालकाची आज्ञा पाळत असते.

प्रथम हक्क, मग हात

पासवर्ड पुसण्याची कृती मालकाने केली काय आणि चोराने केली काय, यंत्राला दोन्ही सारखीच. त्यामुळे हक्काचा प्रश्न माणसानेच आधी विचारला पाहिजे. पंचशीलातील दुसरे शील न दिलेली वस्तू घेण्यापासून अलिप्त राहण्यास सांगते. येथे त्याचा अर्थ अगदी व्यावहारिक आहे. स्विचचे मॉडेल आणि अनुक्रमांक नमूद केलेले व देणगीदाराची सही असलेले देणगीपत्र दप्तरी असावे. बाजारातून जुना स्विच घेतला असल्यास पावती असावी. इंटरनेट सेवा पुरविणाऱ्याने शाळेत बसविलेले, परंतु त्याच्याच मालकीचे असलेले यंत्र मात्र हात न लावता तसेच ठेवावे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० चे कलम ४३ मालकाच्या अथवा प्रभारी व्यक्तीच्या परवानगीविना संगणकात वा नेटवर्कमध्ये केलेल्या प्रवेशास लागू होते. तेच कृत्य अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केल्यास कलम ६६ नुसार तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

या शिलाला आणखी एक बाजू आहे. देणगीदाराने पेटी दिली. पेटीतील माहिती दिलेली नाही. जुन्या कचेरीचे नेटवर्क-पत्ते, वापरकर्त्यांची नावे, कधी कधी त्यांचे पासवर्डही त्या स्मृतीत शिल्लक असतात. ती माहिती वाचणे किंवा जपून ठेवणे हे न दिलेले घेणेच होय. म्हणून आपल्या हाती आलेल्या जुन्या स्विचच्या बाबतीत जुनी मांडणी वाचविण्याचा प्रयत्न न करता ती पूर्णपणे पुसून टाकणे हाच उचित मार्ग ठरतो.

प्रत्यक्ष कृती

सर्वप्रथम देणगीदारालाच पासवर्ड विचारावा. तो मिळाला तर यंत्रात शिरून जुनी मांडणी पुसणे सोपे असते. मिळाला नाही, तर यंत्राच्या निर्मात्यानेच ठेवलेली वाट वापरावी. कचेऱ्यांतून वारंवार येणाऱ्या सिस्को कॅटॅलिस्ट २९६० या स्विचचे उदाहरण घेऊ. पुढील आज्ञा येथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. संगणकावर त्या रोमन अक्षरांत टंकित कराव्यात.

१. स्विचच्या कन्सोल पोर्टला कन्सोल केबल जोडून तिचे दुसरे टोक संगणकास जोडावे. आजच्या संगणकांना सिरियल पोर्ट नसतो, म्हणून यूएसबीचा जोड लागतो. ‘पुटी’सारख्या टर्मिनल प्रोग्रॅममध्ये वेग ९६००, डेटा बिट आठ, पॅरिटी नाही, स्टॉप बिट एक, फ्लो कंट्रोल नाही, अशी नोंद करावी.

२. स्विचची वीज काढावी. पुढच्या बाजूचे ‘मोड’ बटण दाबून धरून वीज पुन्हा जोडावी. ‘सिस्टिम’ दिवा क्षणभर पिवळसर होऊन स्थिर हिरवा झाला की बटण सोडावे. पडद्यावर ‘स्विच’ हा शब्द आणि त्यापुढे विसर्गचिन्ह दिसले, म्हणजे आपण दारात पोहोचलो.

३. ‘फ्लॅश-इनिट’ ही आज्ञा द्यावी. मधल्या आडव्या रेघेच्या जागी अंडरस्कोर टंकित करावा. यामुळे साठवण उघडते. मग ‘डिर फ्लॅश’ लिहून त्यापुढे विसर्गचिन्ह दिल्यास आतील फाइलींची यादी दिसते.

४. यादीतील ‘कॉन्फिग डॉट टेक्स्ट’ या फाइलीत जुनी मांडणी आणि पासवर्ड असतात. ‘व्हीलॅन डॉट डॅट’ या फाइलीत जुन्या गटांची माहिती असते. ‘डिलीट’ आज्ञेने या दोनच फाइली काढाव्यात. ‘बिन’ या अक्षरांनी संपणारी फाइल हे यंत्राचे मूळ सॉफ्टवेअर आहे. तिला मुळीच हात लावू नये. ‘फॉर्मॅट’ ही आज्ञाही कधी देऊ नये.

५. ‘बूट’ ही आज्ञा द्यावी. यंत्र सुरू झाल्यावर प्रारंभिक मांडणीविषयी प्रश्न विचारते. त्यास ‘नो’ असे उत्तर द्यावे. आता ते कोऱ्या पाटीसारखे आपल्या स्वाधीन असते.

पुष्कळ जण पहिली फाइल काढतात आणि दुसरी विसरतात. तसा अर्धवट पुसलेला स्विच दुसऱ्या चालू नेटवर्कला जोडल्यास, व्हीटीपी या सोयीमुळे तेथील गटांची यादी जुन्या यादीने पुसली जाण्याचा धोका असतो. म्हणून दोन्ही फाइली काढल्याची खात्री झाल्याखेरीज त्याला कोणतीही नेटवर्क केबल जोडू नये.

काही वेळा पूर्वीच्या मालकाने पासवर्ड-पुनर्प्राप्तीची सोय बंद करून ठेवलेली असते. तरीही निराश होण्याचे कारण नाही. अशा वेळी यंत्र स्वतःच विचारते की, सर्व जुनी मांडणी पुसण्यास आपली संमती आहे काय? संमती दिली की जुनी माहिती जाते आणि रिकामे यंत्र उघडते. जुन्या मालकाचे गुपित आणि नव्या मालकाचा हक्क, दोहोंची बूज राखणारी ही रचना आहे.

एचपी कंपनीच्या प्रोकर्व्ह मालिकेतील अनेक स्विचवर पुढच्या बाजूस ‘रीसेट’ आणि ‘क्लिअर’ अशी दोन बारीक छिद्रांतील बटणे असतात. केवळ ‘क्लिअर’ दाबल्यास पासवर्ड जातो, पण जुनी मांडणी उरते. आपल्याला ती पुसावयाची असल्याने दोन्ही बटणे एकत्र दाबावीत, प्रथम ‘रीसेट’ सोडावे आणि ‘सेल्फ टेस्ट’ दिवा लुकलुकू लागला की ‘क्लिअर’ सोडावे. इतर कंपन्यांची पद्धत त्या त्या मॉडेलच्या माहितीपुस्तिकेत पाहावी.

अधिकार मिळाल्यावर

नवा, भक्कम पासवर्ड द्यावा. दूरून प्रवेशासाठी टेलनेटऐवजी एसएसएच वापरावे, कारण टेलनेटवर पासवर्ड उघड्या अक्षरांत प्रवास करतो. केलेली मांडणी लगेच साठवावी. न साठविता वीज गेली तर सारे श्रम वाया जातात. त्या मांडणीची एक प्रत वेगळ्या संगणकावर ठेवावी. फार जुन्या स्विचना निर्मात्याकडून सुरक्षा-सुधारणा मिळणे थांबलेले असते. असा स्विच संगणककक्षाच्या आतील जोडणीपुरताच वापरावा, थेट इंटरनेटच्या तोंडाशी ठेवू नये.

वरील कृतीतून आणखी एक बोध होतो. जो पेटीजवळ पोहोचला, तो अधिकारापर्यंत पोहोचला. आज आपण जे केले ते उद्या दुसरा कोणीही करू शकतो. म्हणून स्विच कुलूपबंद, परंतु हवा खेळती राहील अशा कपाटात असावा. चैत्र यात्रेत गुलालाने न्हाऊन निघणाऱ्या आणि पावसाळ्यात ओल धरणाऱ्या या परिसरात यंत्राच्या आरोग्यासाठीही ते हिताचेच आहे.

चावी व्यक्तीची की पदाची?

मुळात पासवर्ड हरवतो का? बहुधा तो एकाच माणसाच्या डोक्यात असतो आणि तो माणूस बदलून जातो. याचे टोकाचे उदाहरण अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरात घडले. २००८ च्या जुलै महिन्यात तेथील नगर प्रशासनाच्या एका नेटवर्क अभियंत्याने शहराच्या नेटवर्कचे पासवर्ड वरिष्ठांना देण्याचे नाकारले. त्याला अटक झाली, आणि अखेर त्याने ते तुरुंगात भेटीस आलेले महापौर गॅव्हिन न्यूसम यांच्याच हाती दिले. तोवर एवढ्या मोठ्या शहराच्या नेटवर्कची चावी एका माणसाजवळ अडकून पडली होती. २०१० मध्ये न्यायालयाने त्याला दोषी ठरवून चार वर्षांची शिक्षा दिली.

आपल्या कोल्हापूरला हा प्रश्न नवा नाही. गावचे दप्तर पिढ्यान्‌पिढ्या कुलकर्णी वतनदाराच्या घरी असे. जमीन रयतेची, पण तिची नोंद वतनदाराच्या हाती. राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ मध्ये कुलकर्णी वतने रद्द करून पगारी तलाठी नेमले. दप्तर घराकडून पदाकडे आले. नोंद ज्याच्या हाती, सत्ता त्याच्या हाती, हे महाराजांनी ओळखले होते.

त्याही पूर्वी, भिक्खुसंघाच्या विनयात याचे उत्तर दिलेले आढळते. संघाच्या सामाईक वस्तू सांभाळण्यासाठी भांडागारिक नेमला जाई. तो स्वतःहून पुढे येत नसे. संघासमोर प्रस्ताव मांडून, संघाच्या संमतीने त्याची नेमणूक होई. आसक्ती, द्वेष, मोह आणि भय यांच्या आहारी न जाणे ही त्याची पात्रता. आणि पाचवी पात्रता अशी की काय राखले आहे व काय राखलेले नाही, हे त्याला ठाऊक असावे. वस्तू संघाची, भांडागारिक केवळ तिचा राखणदार.

शाळेनेही हाच नियम पाळावा. डेडस्टॉक रजिस्टरमध्ये स्विचची नोंद करताना मॉडेल, अनुक्रमांक, देणगीदाराचे नाव, मांडणी पुसल्याची तारीख आणि काम करणाऱ्याची सही असावी. पासवर्ड रजिस्टरमध्ये लिहू नये. तो मोहोरबंद पाकिटात घालून मुख्याध्यापकांच्या तिजोरीत ठेवावा आणि पाकिटावर मुख्याध्यापक व संगणक शिक्षक या दोघांच्या सह्या असाव्यात. दोहोंपैकी कोणाचीही बदली वा निवृत्ती झाली की कार्यभार सोपविताना पाकीट उघडावे, पासवर्ड बदलावा आणि नवे पाकीट मोहोरबंद करावे.

माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. यंत्र पाठविण्यापूर्वी कचेरीच्या परवानगीने त्यातील मांडणी पुसून घ्यावी; पेटीसोबत देणगीपत्र, वीजेची केबल आणि शक्य असल्यास कन्सोल केबलही द्यावी. या केबलअभावी चांगली यंत्रे महिनोन्‌महिने अडून राहतात. आणि सुटीत शाळेत येणे झाले, तर वरील कृती स्वतः करून न टाकता नववी-दहावीच्या मुलामुलींकडून आपल्या देखरेखीखाली करवून घ्यावी. हक्काचे कागद आधी पाहणे, दुसऱ्याची माहिती न वाचता पुसणे आणि मिळालेला अधिकार नोंदवहीत लिहून सर्वांच्या स्वाधीन करणे, एवढे त्या एका तासात ती शिकली तर ती देणगी सत्कारणी लागली असे म्हणता येईल.