पुढचा अ‍ॅक्सल बदलायचा की सांभाळायचा?

प्रश्न : आम्ही कोलोराडोत, डेन्व्हरजवळ राहतो. माझ्याकडे 2012 ची चार दारांची जीप रँग्लर स्पोर्ट आहे; ऑटोमॅटिक, 3.73 गिअरची. आधीच्या मालकाने तिला 35 इंची टायर घातले आहेत. दर वसंतात आम्ही मोआबच्या खडकांवर गाडी चालवायला जातो. पुढचे बॉल जॉइंट संपले म्हणून गॅरेजमध्ये नेली, तर मेकॅनिक म्हणतो, पुढचा डाना 30 अ‍ॅक्सल काढूनच टाका. त्याच्याकडे रँग्लर रुबिकॉनमधून उतरवलेला डाना 44 आहे. 4.10 गिअर, लॉकरसकट. अ‍ॅक्सल स्वस्तात देतोय, पण बसवायची मजुरी ऐकून मी गप्पच झालो. बाबा सांगलीहून फोनवर म्हणाले, ‘एवढ्या पैशात इथे अख्खी जुनी जीप दारात उभी राहील.’ मजुरी एवढी का लागते? आणि हा बदल करावा का?

उत्तर : आधी निकाल सांगतो, मग कारणं. हा अ‍ॅक्सल घेऊ नका. डाना 44 उत्तमच आहे, पण हा 44 तुमच्या गाडीच्या मागच्या अ‍ॅक्सलशी जमणारा नाही. शिवाय तुमच्या गाडीत जे वाकायची भीती जास्त आहे, ते या अदलाबदलीने तसंच राहतं.

गिअरपासून सुरुवात करू. 3.73 म्हणजे डिफरन्शियलमधल्या मोठ्या गिअरला, म्हणजे क्राउनला, 41 दात आणि त्याला फिरवणाऱ्या पिनियनला 11. मेकॅनिकच्या अ‍ॅक्सलमध्ये 41 ला 10, म्हणजे 4.10. हमरस्त्यावर टू-व्हीलमध्ये तुम्हाला काही जाणवणार नाही, कारण तेव्हा पुढचा शाफ्ट नुसता सोबत फिरत असतो. फोर-व्हील टाकलं की ट्रान्स्फर केस पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना जखडते. तुमच्या रँग्लरमध्ये या दोघांच्या मध्ये तिसरं डिफरन्शियल नाही. दोन्ही शाफ्ट एकाच वेगाने फिरणार आणि पुढची चाकं मात्र मागच्यांपेक्षा नऊ टक्के हळू चालू पाहणार. चिखलात चाक घसरून हा फरक भरून काढतं. मोआबच्या कोरड्या वालुकाश्मावर टायर चिकटून बसतो, घसरायला तयार नसतो, आणि सगळा पीळ शाफ्टवर, जॉइंटवर आणि ट्रान्स्फर केसच्या साखळीवर येतो. काहीतरी तुटल्यावरच तो सुटतो.

म्हणून पुढे 4.10 तर मागेही 4.10 हवं. तुम्हाला सांगितलेल्या आकड्यात मागच्या अ‍ॅक्सलचं काम धरलंय का, हे आजच विचारा. माझा अंदाज आहे की धरलेलं नाही.

आता मागचा अ‍ॅक्सल उघडायचाच असेल, तर 4.10 वरच का थांबायचं? स्पोर्ट कारखान्यातून 225/75 आर 16 टायरवर यायची. त्या टायरची उंची साधारण 29.3 इंच. तुम्ही आता 35 वर आहात. टायर मोठा झाला की गिअर आपोआप लांब होतो : तुमचं 3.73 आज 3.12 सारखं वागतंय. 4.10 घातलंत तरी ते 3.43 सारखंच वागेल, म्हणजे मूळच्या गाडीपेक्षा ढिलंच. 4.56 घातलं तर 3.82 पडतं आणि गाडी पुन्हा जागेवर येते. त्यात तुमचं गाव समुद्रसपाटीपासून 1,600 मीटरवर. मोआबला जाताना आय-70 वरचा आयझेनहॉवर बोगदा तर 3,400 मीटरच्या आसपास आहे. टर्बो नसलेल्या इंजिनाची पाव भागाहून जास्त ताकद त्या उंचीवरच्या विरळ हवेत जाते. चढावर तुमची ऑटोमॅटिक सारखी खालचा गिअर शोधत असणार, पेट्रोल जास्त पीत असणार. तुम्ही हे लिहिलेलं नाही, पण असंच होत असणार. याला 4.56 हाच इलाज आहे, आणि तो डाना 30 मध्येही बसतो.

दुसरी बाब मेकॅनिक सहसा स्वतःहून सांगत नाहीत. त्या पिढीच्या रँग्लरमध्ये डाना 30 चं क्राउन सुमारे 186 मिलिमीटरचं आहे आणि रुबिकॉनच्या 44 चं 226. हा फरक चांगलाच मोठा आहे. आतले शाफ्टही जाड. पण क्राउनच्या दोन्ही बाजूंना चाकापर्यंत जाणाऱ्या लोखंडी नळ्या आणि नळीच्या टोकाचं बॉल जॉइंट धरणारं ‘सी’ आकाराचं ओतीव हे दोन्ही अ‍ॅक्सलमध्ये जवळपास सारखंच. जड टायर घालून दगडावर आपटणाऱ्या या गाड्यांत नळी वाकते आणि ‘सी’ फाकतो. क्राउनचे दात त्या मानाने क्वचित जातात. म्हणजे तुम्ही दातांसाठी पैसे मोजणार आणि वाकणार नळी.

एक कुशंकाही बोलून दाखवतो. रुबिकॉनचा 44 लोक उगाच उतरवत नाहीत. बरेच जण डाना 60 घालायचा म्हणून उतरवतात, आणि 60 घालावासा वाटेपर्यंत त्यांनी 44 ला बरंच काही दाखवलेलं असतं. जुना अ‍ॅक्सल घ्यायची वेळ आलीच, तर नळीला सरळ पट्टी लावून बघा, टोकाच्या सीलपाशी तेल ओघळलंय का बघा, आणि मालकाच्या टायरची आतली कड झिजली होती का, विचारा.

कारखान्याने पुढे हलका अ‍ॅक्सल का दिला, हेही सांगून टाकतो, कारण यात फसवणूक नाही. गाडीचं बहुतेक आयुष्य टू-व्हीलमध्ये जातं. तेव्हा ओढण्याचं काम मागचा अ‍ॅक्सल करतो आणि पुढचा फक्त वळवतो. स्पोर्टला मागे 44 दिलेला आहेच. आपल्या महिंद्राने वर्षानुवर्षं बनवलेल्या सीजे-3बी जीपमध्येही पुढे 25 आणि मागे 44 असाच जोड होता. तुमच्या बाबांनी ती जीप पाहिली असेलच.

आता मजुरी. अ‍ॅक्सल म्हणजे चार बोल्ट काढले आणि खाली आला, असं नसतं. ब्रेकचे कॅलिपर उतरवून तारेने टांगायचे, एबीएसच्या वायरी सोडवायच्या, टाय रॉड, ड्रॅग लिंक, ट्रॅक बार, चार कंट्रोल आर्म, शॉक, स्प्रिंग, ड्राइव्ह शाफ्ट. मग तेच सगळं उलट्या क्रमाने. तुमच्याकडे हिवाळ्यात रस्त्यावर मॅग्नेशियम क्लोराइड फवारतात, त्यामुळे कंट्रोल आर्मचा एखादा बोल्ट बुशच्या आत धरून बसणार हे गृहीतच धरा. तो कापून काढायला तासभर सहज जातो, आणि तो तास तुमच्या बिलात असतो. वर रुबिकॉनचा लॉकर (दोन्ही बाजूंची चाकं एकत्र जखडणारी यंत्रणा) विजेवर चालतो आणि स्पोर्टमध्ये त्याचं वायरिंगच नाही. ते वेगळं टाकावं लागतं.

खरं कौशल्याचं काम मात्र क्राउन-पिनियन बसवण्याचं. मिस्त्री क्राउनच्या काही दातांना पिवळी पेस्ट फासतो, हाताने थोडी अडवून क्राउन पुढे-मागे फिरवतो आणि पेस्टवर उमटलेला ठसा बघतो. ठसा दाताच्या मधोमध हवा. कडेला, टोकाला किंवा बुडाशी गेला तर सगळं पुन्हा खोलायचं, पिनियनमागची कागदासारखी पातळ शिम बदलायची आणि पुन्हा जोडायचं. दोन दातांमधली मोकळीक एका इंचाच्या हजारात सहा ते दहा भाग, म्हणजे पाव मिलिमीटरच्या आत ठेवायची. बेअरिंगवरचा ताणही मोजून द्यायचा. हे साधेपर्यंत तीन-चारदा खोलजोड होते. घाईने बसवलेलं गिअर रस्त्यावर ठराविक वेगाला रडायला लागतं आणि पुढे काही हजार मैलांत दात खातं. इथे मजुरीत घासाघीस करू नका. घासाघीस करायची तर बाकीच्या कामात करा.

तासाला 150 डॉलर धरून हिशेब मांडतो. तास माझ्या अंदाजाचे आहेत, तुमच्या गॅरेजचे वेगळे असतील. मेकॅनिकचा बेत : अ‍ॅक्सल उतरवून चढवायला आठ तास, मागचे गिअर बदलायला सहा, लॉकरचं वायरिंग आणि अलाइनमेंट मिळून तीन. सतरा तास, म्हणजे 2,550 डॉलर नुसती मजुरी. वर अ‍ॅक्सलची किंमत, मागच्या गिअरचा संच आणि बेअरिंग. माझा बेत : पुढचे-मागचे दोन्ही गिअर 4.56 करायला बारा तास, नळ्यांत स्लीव्ह घालायला आणि ‘सी’ला आधारपट्ट्या वेल्ड करायला चार. सोळा तास, 2,400 डॉलर. बॉल जॉइंट यातच उरकतात, कारण ते सगळं उघडलेलंच असतं. त्यांची वेगळी मजुरी देऊ नका. स्लीव्ह आणि पट्ट्यांचं सामान काही शे डॉलरमध्ये येतं. उरलेल्या पैशातून क्रोमोलीचे पुढचे शाफ्ट घ्या.

मजुरी दोन्हीकडे जवळपास तेवढीच निघते, पण माझ्या बेतात ती योग्य गिअर आणि मजबूत नळ्यांसाठी खर्च होते. मेकॅनिकच्या बेतात लॉकर आणि मोठं क्राउन मिळतं, हे मी नाकारत नाही. पण पुढचा लॉकर लावून, स्टिअरिंग पूर्ण वळवून, चिकट खडकावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला की शाफ्टच्या युनिव्हर्सल जॉइंटचे कान तुटू शकतात. लॉकर हवाच असेल तर आता गिअरसाठी डिफरन्शियल उघडं असतानाच टाका. मजुरीत फारशी भर पडत नाही.

पुढे 37 इंची टायर घालायचं मनात असेल, तर मात्र माझा सल्ला बदलतो. मग डाना 30 वर एक डॉलरही घालू नका. जाड नळ्यांचा, कारखान्यातच हव्या त्या गिअरसह जुळवून आलेला नवा 44 घ्या. किंमत पाच हजार डॉलरच्या पुढे जाईल, पण पुढच्या गिअरची जुळवाजुळव वाचते. तुमची चाकं आणि ब्रेक त्यावर बसतात, कारण बोल्टची मांडणी तीच आहे. डाना 60 वर उडी मारली तर बहुतेकदा आठ बोल्टची चाकं येतात आणि मग चार नव्या रिम, स्पेअरसकट पाच, हा खर्च अ‍ॅक्सलच्या कोटेशनमध्ये कुणीच लिहीत नाही.

एक काम मात्र स्वतः करू शकता. जॅक स्टँड, दोन माणसं आणि शनिवार-रविवार असेल तर अ‍ॅक्सल खाली घेणं घरच्या अंगणात जमतं. मोकळा अ‍ॅक्सल गॅरेजला नेऊन दिलात तर बरेच तास वाचतात. नवीन गिअर बसल्यावर पहिल्यांदा पंधरा-वीस मैल शांतपणे चालवून पूर्ण थंड होऊ द्या, असं दोन-तीनदा करा, आणि 500 मैलांवर तेल बदला. लगेच ट्रेलर ओढायला लावू नका.

प्रश्न : डाना 30, डाना 44 हे आकडे इंचांचे की मिलिमीटरचे?

उत्तर : कशाचेच नाहीत, मालिकेचे क्रमांक आहेत. आकडा मोठा तर अ‍ॅक्सल साधारणपणे दणकट, एवढंच. ते बनवणाऱ्या डाना कंपनीचा उगम क्लॅरेन्स स्पायसर या अमेरिकन अभियंत्याच्या युनिव्हर्सल जॉइंटमध्ये आहे. त्याचं पेटंट 1903 चं. पुढे चार्ल्स डाना यांनी कारभार हाती घेतला आणि 1946 मध्ये कंपनीला त्यांचं नाव मिळालं. पुण्याजवळ चाकणच्या कारखान्यालाही पूर्वी स्पायसरचं नाव होतं.

प्रश्न : माझी 2015 ची थार सीआरडीई आहे. पुढचं इंडिपेंडंट सस्पेन्शन काढून जुन्या जीपचा सॉलिड अ‍ॅक्सल बसवून देतो, असं नाशिकमधला एक मिस्त्री म्हणतो. करू का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : यांत्रिक बाजूने होतं. खडकावर चाकाची उचल वाढते हेही खरं. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे, नोंदणीत असलेल्या कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 च्या निकालात तेच ठामपणे सांगितलं आहे. उद्या कसारा घाटात अपघात झाला तर विमा कंपनीचा माणूस सगळ्यात आधी गाडीखाली वाकून बघेल. फक्त खासगी जमिनीवर, ट्रकवर लादून नेऊन चालवायची गाडी असेल तर गोष्ट वेगळी. रोज रस्त्यावर चालणारी थार असेल तर चांगले टायर आणि मागचा लॉकर यावर थांबा. सॉलिड अ‍ॅक्सलच हवा असेल तर जिम्नीला तो पुढे-मागे कारखान्यातूनच येतो; आणि बजेटची चिंता नसेल तर रांजणगावला जुळणी झालेली रँग्लर रुबिकॉन दोन्ही अ‍ॅक्सलना लॉकर घेऊनच शोरूममधून बाहेर पडलेली आहे.

वाचकांना विनंती : अशा विषयावर प्रश्न पाठवताना गाडीचं साल, टायरचं माप, पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलचा गिअर रेशो आणि गॅरेजने दिलेलं लेखी कोटेशन एवढं जरूर जोडा. ‘मेकॅनिक असं म्हणाला’ यावर उत्तर देणं कठीण जातं.